नात्तोच्या रिकाम्या फळ्या: एका जपानी व्हरायटी शोचं प्रकरण

हे प्रकरण जानेवारी 2007 मधलं, जपानमधलं आहे. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, खाऊन वजन उतरतं असं एका टीव्ही कार्यक्रमाने बनावट पुराव्यांवर सांगितलं आणि दुकानांतला नात्तो संपला. वाहिनीचं आणि कार्यक्रमाचं नाव तिथल्या सार्वजनिक नोंदींत आहे, म्हणून ते इथे दिलं आहे. दिग्दर्शक, प्राध्यापक, सूत्रधार, प्रयोगात भाग घेतलेली साधी माणसं आणि प्रत्यक्ष चित्रण करणारी छोटी कंपनी यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. जपानी दुभाषाचं काम मी बरीच वर्षं करते आणि नव्याने या व्यवसायात येणाऱ्या मुलामुलींना हे प्रकरण आवर्जून शिकवते. यात खोटं बोलण्याचं एक महत्त्वाचं पाऊल भाषांतराच्या टेबलावर पडलं होतं, हे त्याचं पहिलं कारण. बाकीची पुढे येतीलच.

पार्श्वभूमी

‘हाक्कुत्सु! आरु आरु दाइजितेन’ हे कार्यक्रमाचं नाव. हाक्कुत्सु म्हणजे उत्खनन, दाइजितेन म्हणजे महाकोश. मधला ‘आरु आरु’ म्हणजे आपण गप्पांमध्ये ‘हो हो, होतं असं!’ म्हणून मान डोलावतो ना, तो उद्गार. रोजच्या जगण्यातल्या छोट्या गोष्टी खणून काढायच्या आणि त्यामागचं शास्त्र सांगायचं, अशी मूळ कल्पना. ओसाकाच्या कान्साई टेलिव्हिजनने ऑक्टोबर 1996 मध्ये तो सुरू केला. फुजी टेलिव्हिजनच्या वाहिन्यांच्या जाळ्यातून तो देशभर दिसायचा, रविवारी रात्री नऊ वाजता. एप्रिल 2004 पासून त्याचं दुसरं पर्व सुरू झालं. प्रायोजक होती काओ, म्हणजे साबण, शांपू, कपडे धुण्याची पावडर बनवणारी, जपानमधल्या जवळजवळ प्रत्येक न्हाणीघरात पोचलेली कंपनी.

अशा कार्यक्रमांना तिथे ‘जोहो बाराएती’ म्हणतात. जोहो म्हणजे माहिती आणि बाराएती म्हणजे आपला व्हरायटी शो. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा प्रकार या रचनेतूनच समजतो. स्टुडिओत एक वयाने मोठा, लोकांच्या विश्वासातला सूत्रधार असतो. शेजारी चार-सहा ‘तारेंतो’ बसलेले असतात, म्हणजे कुणी गायिका, कुणी विनोदी नट, कुणी माजी खेळाडू. मग एक चित्रफीत सुरू होते. ती चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत तारेंतोंचे चेहरे दिसत राहतात. या चौकटीला ‘वाइपु’ म्हणतात. कुणी डोळे विस्फारतं, कुणी तोंडावर हात ठेवतं आणि सगळे मिळून ‘एऽऽऽ!’ असा लांब सूर काढतात. खाली मोठ्या रंगीत अक्षरांत तेच वाक्य पुन्हा उमटतं. त्या अक्षरांना ‘तेरोप्पु’ म्हणतात.

घरी बसलेल्या माणसाच्या मनात एखाद्या दाव्याबद्दल शंका यायला दोन-तीन सेकंद लागतात. नेमके ते दोन-तीन सेकंद वाइपुमधले चेहरे भरून काढतात. आपल्या आधी त्यांनी आश्चर्य व्यक्त केलेलं असतं, आपल्या आधी त्यांना पटलेलंही असतं. विनोदी कार्यक्रमात हे तंत्र निरुपद्रवी आहे आणि मला ते मनापासून आवडतंही. पण चित्रफितीत रक्ततपासणीचे आकडे असतील, तर तारेंतोंचं आश्चर्य हाच पुरावा होऊन बसतो.

दुसरी गोष्ट दुकानांची. दूरदर्शनवर एखाद्या खाद्यपदार्थाचं कौतुक झालं, की दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये तो संपणार, हे जपानमध्ये 1990 च्या दशकापासून सगळ्यांना ठाऊक होतं. गृहिणींसाठीच्या दुपारच्या कार्यक्रमांतून ही सवय घट्ट झाली. 2005 मध्ये कान्तेनची पाळी आली. कान्तेन म्हणजे आपल्याकडे दुधाच्या वड्या आणि पुडिंगमध्ये घालतात ते चायना ग्रास. वजन उतरतं म्हणून ते इतकं खपलं की मिळेनासं झालं. मे 2006 मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवर पांढऱ्या घेवड्याचे दाणे थोडे भाजून, त्यांची पूड भातावर घालून खाण्याचा सल्ला दिला गेला. राजमा नीट शिजला नाही तर पोट बिघडतं हे आपल्या स्वयंपाकघरात कुणालाही माहीत असतं. कच्च्या दाण्यातलं लेक्टिन नावाचं अपायकारक प्रथिन पुरेशा उष्णतेशिवाय निकामी होत नाही. तिथे दीडशेच्या आसपास लोकांना उलट्या-जुलाब झाल्याची सरकारी नोंद झाली आणि काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. म्हणजे आपण ज्या प्रकरणाबद्दल बोलतोय त्याच्या आठ महिने आधी संपूर्ण जपानी दूरदर्शनला एक मोठा इशारा मिळालेला होता.

तिसरी गोष्ट कामाच्या साखळीची. कान्साई टेलिव्हिजन स्वतः हा कार्यक्रम चित्रित करत नव्हतं. ते काम एका मोठ्या निर्मिती कंपनीला दिलेलं होतं. त्या कंपनीने ते पुढे नऊ छोट्या कंपन्यांत वाटलं होतं. त्या आळीपाळीने एकेक भाग करत. पहिल्या कंत्राटदाराला जपानीत ‘शिताउके’ म्हणतात आणि त्याच्याकडून काम घेणाऱ्याला ‘मागोउके’. मागो म्हणजे नातवंड. नातवंड-कंत्राटदार! शब्द गोड आहे, पण वास्तव कष्टाचं आहे. पैसा वरून खाली येताना झिरपत कमी होतो आणि जबाबदारीचं ओझं मात्र खाली येताना वाढत जातं. कॅमेरा घेऊन फिरणारी, माणसं शोधणारी, प्रयोग लावणारी, रात्रभर संकलन करणारी पोरं या नातवंडांच्या घरातली असतात. पुढच्या वेळी काम मिळेल की नाही हे या वेळचा भाग किती चालला त्यावर ठरतं.

आणि हे दर आठवड्याला. वर्षाला पन्नासच्या आसपास भाग, प्रत्येकात काहीतरी ‘नवं सत्य’ हवं. माणसाच्या शरीराबद्दल वर्षाला पन्नास नवी, सोपी, स्वयंपाकघरात वापरता येतील अशी सत्यं सापडत नाहीत.

अडचण

7 जानेवारी 2007, रविवार. जपानमध्ये नवं वर्ष 1 जानेवारीलाच साजरं होतं. मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, आणि सणाचं जेवण खाऊन अंग जड झालेलं असतं. अशा वेळी ‘खाऊन बारीक व्हा’ असं सांगणारा भाग प्रसारित झाला. नायक होता नात्तो.

नात्तो म्हणजे उकडलेल्या सोयाबीनवर विशिष्ट जिवाणू घालून, उबेत आंबवलेला पदार्थ. काड्यांनी घोटला की भेंडीच्या चिकापेक्षाही लांब तारा निघतात. वास उग्र असतो. मणिपूरचं हवाइजार किंवा नागालँडचं अखुनी ज्यांनी खाल्लं आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. टोकियोच्या उत्तरेकडच्या इबाराकी प्रांतातलं मितो हे नात्तोसाठी प्रसिद्ध. ओसाकाकडची, म्हणजे कान्साईतली माणसं मात्र परंपरेने नात्तोपासून चार हात लांबच. ज्या प्रदेशात तो आवडीने खाल्ला जात नाही तिथल्या वाहिनीने त्याला देशभर डोक्यावर घेतलं, हा योगायोग मला नेहमी जाणवतो.

भागातला युक्तिवाद असा होता: शरीरात डीएचइए नावाचं संप्रेरक असतं, ते वाढलं की वजन उतरतं. सोयाबीनमधल्या आयसोफ्लेवोन नावाच्या घटकामुळे ते वाढतं. म्हणून नात्तो खा. पण एकदम नको, सकाळी एक डबी आणि संध्याकाळी एक डबी. काही जणांनी दोन आठवडे असं खाल्लं आणि त्यांचं वजन उतरलं, असं दाखवलं गेलं. अमेरिकेतले एक प्राध्यापक पडद्यावर आले, इंग्रजीत बोलले आणि त्यांच्या आवाजावर चढवलेल्या जपानी आवाजाने या दाव्याला दुजोरा दिला. वाइपुमध्ये चेहरे थक्क झाले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानांतल्या नात्तोच्या फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. नात्तो ही गरिबाश्रीमंतांची रोजची, स्वस्त वस्तू. सहसा तीन डब्यांची चवड बांधून विकतात. तो साठवून ठेवता येत नाही आणि एका रात्रीत दुप्पट बनवताही येत नाही. सोयाबीन भिजवायचं, वाफवायचं, जिवाणू घालायचे, जवळजवळ दिवसभर उबेत ठेवायचं, मग थंड करून मुरवायचं. कारखान्यांनी जादा पाळ्या लावल्या तरी माल पुरेना. माल नसल्याबद्दल उत्पादकांना ग्राहकांची माफी मागायची वेळ आली. वर्षानुवर्षं रोज सकाळी भातावर नात्तो खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो मिळेनासा झाला.

मग ‘शूकान आसाही’ या साप्ताहिकाने वाहिनीला प्रश्न पाठवले. ते प्राध्यापक खरंच असं म्हणाले होते का? दाखवलेले आकडे कुठून आले?

वाहिनीने आत शोध घेतला आणि 20 जानेवारीला, प्रसारणानंतर तेराव्या दिवशी, ओसाकात पत्रकार परिषद घेतली. जे बाहेर आलं ते असं. वजन उतरलेल्यांची म्हणून दाखवलेली छायाचित्रं त्या प्रयोगातल्या माणसांची नव्हतीच. ज्या तपासण्यांचे निकाल सांगितले त्यांतल्या काही केल्याच गेल्या नव्हत्या. प्राध्यापकांच्या तोंडी घातलेली जपानी वाक्यं त्यांनी उच्चारलेली नव्हती. आणि सकाळ-संध्याकाळ खाणं हे एकदम खाण्यापेक्षा चांगलं, हे दाखवणारा आलेख सर्वस्वी काल्पनिक होता. त्यासाठी माणसांचं रक्त काढलं होतं, पण ते तपासलंच नव्हतं.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबते. सुई टोचली गेली. माणसाने बाही वर करून हात पुढे केला. आणि ती नळी प्रयोगशाळेत गेलीच नाही.

निर्णयाच्या जागा

जपानीत दोन शब्द आहेत, ‘यारासे’ आणि ‘नेत्सुझो’. यारासे म्हणजे घडवून आणलेला प्रसंग: उत्स्फूर्त वाटावा असा, पण आधी सांगून करवलेला. व्हरायटी शोमध्ये याची सीमारेषा कायम वादाची असते. थोडीफार मांडणी असणार हे प्रेक्षकही धरून चालतात. नेत्सुझो म्हणजे जे नव्हतंच ते बनवणं. या प्रकरणाला पहिल्या दिवसापासून नेत्सुझो म्हटलं गेलं आणि ते योग्य होतं. पण माझ्या मते घसरण झाली ती यारासेच्या उतारावरून. रंजनासाठी थोडं नीटनेटकं करायची सवय असलेल्या हातांनी आकडेही नीटनेटके केले.

पहिली जागा: निष्कर्ष आधी लिहिला गेला तो क्षण. अशा कार्यक्रमांत चित्रणाच्या आधी संहिता तयार होते. त्यात कोणत्या मिनिटाला प्रयोग, कोणत्या मिनिटाला तज्ज्ञ आणि तज्ज्ञ साधारण काय म्हणेल हे लिहिलेलं असतं. वेळ आणि पैसा मोजका असताना हे समजण्यासारखं आहे. पण प्रयोगाचा निकाल संहितेत आधीच लिहिला, की चित्रण म्हणजे तो निकाल मिळवण्याची धडपड होते. इथे एक साधा पर्याय होता: संहितेत निकालाची जागा कोरी ठेवणं, किंवा दोन शेवट लिहिणं. त्याला जादा पैसा लागत नाही. फक्त ‘कदाचित काहीच होणार नाही’ या शक्यतेला वरच्या माणसाने आधीच होकार दिलेला असावा लागतो.

दुसरी जागा: प्राध्यापकांची मुलाखत. ही माझ्या व्यवसायाची जागा, म्हणून इथे जास्त बोलते. मूळ आवाज हळू करून त्यावर दुसऱ्या भाषेतला आवाज चढवला, की मूळ वाक्य कुणालाच ऐकू येत नाही. प्रेक्षकाच्या कानावर पडते ती जपानी बाई किंवा पुरुषाची ठाम वाणी. पण त्याला विश्वास वाटतो तो पडद्यावरच्या पांढऱ्या केसांच्या माणसाचा. दोन भाषांमधली ती फट फार अंधारी असते. तिथे कुणी काही ठेवलं तर बाहेरून दिसत नाही.

हवं ते वाक्य मिळालं नाही, तर समोर चार रस्ते असतात. दुसरा तज्ज्ञ शोधायचा. मिळालं तेवढंच दाखवायचं. भाग पुढे ढकलायचा. किंवा आवाज बदलायचा. पहिल्याला पैसा लागतो, दुसऱ्याने भाग फिका पडतो, तिसऱ्यासाठी वर फोन करावा लागतो. चौथ्याला काहीच लागत नाही, कुणाची परवानगीसुद्धा नाही. साखळीच्या सर्वांत खालच्या टोकाला बसलेल्या माणसाला चौथा रस्ता सर्वांत सोपा का वाटला असेल, हे समजून घेतल्याशिवाय त्याला नुसतं दोषी ठरवून काही हाती लागत नाही. दोष आहेच. मी तो कमी करत नाही. पण ‘वर फोन करणं’ ही सर्वांत अवघड गोष्ट होऊन बसली, हा दोष त्या एकट्याचा नाही.

मी विद्यार्थ्यांना सांगते की मुलाखतीचं लेखी भाषांतर, शब्दन् शब्द, तारखेसह, आपल्याजवळ ठेवा आणि एक प्रत निर्मात्याला पाठवा. ते बंधन कुणी घातलेलं नसलं तरी. अंतिम आवाज चढवल्यावर तो मूळ भाषांतराशी ताडून पाहणारा एक माणूस साखळीत असता, तर हे वाक्य अडलं असतं.

तिसरी जागा: आधी पाहण्याची बैठक. प्रसारणापूर्वी वाहिनीचे लोक आणि मोठ्या कंपनीचे लोक चित्रफीत पाहतात. या बैठकांत प्रश्न विचारले जात ते ‘हे समजतं का?’ आणि ‘हे रंजक आहे का?’ असे. ‘हे कुठून आलं?’ हा प्रश्न मागे पडला होता. तपासणीचा कागद पाहायचा आहे, असं एकाने म्हटलं असतं तरी पुरे होतं. कागद नव्हताच. मोठ्या कंपनीचा छोट्या कंपनीवर विश्वास, वाहिनीचा मोठ्या कंपनीवर, प्रायोजकाचा वाहिनीवर, सूत्रधाराचा सगळ्यांवर. प्रत्येकाने आपल्या खालच्याने पाहिलं असेल असं धरलं.

चौथी जागा: साप्ताहिकाचे प्रश्न आल्यानंतरची. इथे वाहिनीपुढे नाकारण्याचा, वेळ काढण्याचा, आणि ‘ती चूक बाहेरच्या कंपनीची’ म्हणून हात झटकण्याचा पर्याय होता. जपानमध्येच काय, कुठेही मोठी संस्था आधी या तिन्ही दारांकडे वळते. वाहिनीने अंकाची वाट न पाहता स्वतः समोर येऊन कबुली दिली, हे तिच्या बाजूचं आहे. पण सुरुवातीच्या बोलण्यात जबाबदारीचा काटा खालच्या कंपनीकडे झुकत राहिला आणि तिथे तिने गमावलेला विश्वास आणखी गमावला. प्रेक्षकाने बटण दाबलं होतं ते कान्साई टेलिव्हिजनचं किंवा त्याच्या जाळ्यातल्या वाहिनीचं. नातवंड-कंत्राटदाराचं नावही त्याने ऐकलेलं नव्हतं.

काय केलं गेलं

21 जानेवारीचा भाग दाखवला गेला नाही. काओने प्रायोजकत्व काढून घेतलं. 23 जानेवारीला कार्यक्रम कायमचा बंद झाला. दहा वर्षांहून अधिक चाललेला कार्यक्रम पत्रकार परिषदेनंतर तीन दिवसांत संपला.

त्यानंतर बाहेरच्या लोकांची चौकशी समिती नेमली गेली आणि तिने 23 मार्चला अहवाल दिला. नात्तोचा भाग एकटा नव्हता. जुन्या भागांतही गडबडी सापडल्या. 1998 मध्ये लेट्यूस खाल्ल्याने झोप येते असं सांगणाऱ्या भागातल्या प्रयोगाबद्दलही असाच आक्षेप पुढे आला. म्हणजे हे एका थकलेल्या माणसाचं एका रात्रीचं कृत्य नव्हतं. समितीने कंत्राटांच्या साखळीवर जसं बोट ठेवलं, तसंच वाहिनीच्या स्वतःच्या तपासणीच्या अभावावरही.

30 मार्चला दळणवळण खात्याच्या मंत्र्यांनी वाहिनीला औपचारिक ताकीद दिली. ते मंत्री म्हणजे योशिहिदे सुगा, जे पुढे पंतप्रधान झाले. 3 एप्रिलला वाहिनीच्या अध्यक्षांनी पद सोडलं आणि त्याच दिवशी वाहिनीने स्वतःच्या चुकांची तपासणी करणारा एक विशेष कार्यक्रम दाखवला. ‘आमचं काय चुकलं’ अशा अर्थाचं त्याचं नाव होतं. खाजगी वाहिन्यांच्या संघटनेने कान्साई टेलिव्हिजनला एप्रिलमध्ये बाहेर काढलं. पुन्हा प्रवेश मिळाला तो 2008 मध्ये.

परिणाम

नात्तोच्या फळ्या भरल्या आणि मग उलटा त्रास झाला. मागणी जितक्या झपाट्याने चढली तितक्याच झपाट्याने ओसरली. ज्या उत्पादकांनी घाईने जादा माल बनवला त्यांच्याकडे तो उरला, आणि नात्तो टिकत नाही. या सगळ्यात ज्यांनी एक शब्दही खोटा उच्चारला नव्हता अशा कारखान्यांना दोन्ही वेळा फटका बसला. नात्तो स्वतः निर्दोष, प्रथिनांनी भरलेला, हजारभर वर्षांचा वारसा असलेला पदार्थ आहे. त्याला या खोट्याची काहीच गरज नव्हती, हे मला सर्वांत जास्त लागतं.

मोठा परिणाम कायद्याच्या दिशेने झाला. सरकारने प्रसारण कायद्यात बदलाचा प्रस्ताव आणला. त्यात बनावट कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिनीला सुधारणेची योजना मागण्याचा अधिकार सरकारला मिळणार होता. प्रसारणकर्ते आणि पत्रकार हादरले. नात्तोच्या निमित्ताने सरकारचा हात बातम्यांपर्यंत पोचेल, ही भीती खरी होती. मे 2007 मध्ये प्रसारणकर्त्यांच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे बीपीओने, प्रसारण नीतीची पडताळणी करणारी स्वतंत्र समिती उभी केली. आपलं घर आपणच झाडू, असं दाखवण्याची ती धडपड होती. डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा ते वादग्रस्त कलम वगळलेलं होतं. ही समिती आजही काम करते आणि व्हरायटी शोंबद्दलही मत देते. 2018 मध्ये दुसऱ्या एका लोकप्रिय कार्यक्रमाने लाओसमध्ये नसलेला ‘पूल उत्सव’ खरा म्हणून दाखवल्याचं उघड झालं, तेव्हा याच समितीने तो नीतिभंग ठरवला. तिथेही चित्रणाची जुळवाजुळव दूरच्या एका स्थानिक संयोजकाच्या हातात होती आणि वाहिनी पुन्हा साखळीच्या वरच्या टोकाला. अर्थात त्या प्रकाराचं गांभीर्य समितीने कमी मानलं.

आणि प्रेक्षक? सप्टेंबर 2008 मध्ये एका गायिकेचं वजन सकाळी केळी खाऊन उतरल्याचं दूरदर्शनवर दाखवलं गेलं आणि जपानभर केळ्यांची टंचाई झाली. नात्तोला दोन वर्षंही झाली नव्हती. इथे कुणी काही बनावट केलं असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की बदल वाहिन्यांच्या कार्यालयांत झाला, रविवार संपून सोमवारी सकाळी दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या सवयीत नाही. प्रेक्षकांना मी यासाठी दोष देत नाही. थकलेल्या माणसाला एक सोपी गोष्ट कुणीतरी प्रेमाने, हसत, घरच्यासारखी सांगितली, तर त्याने ती करून पाहावी हे स्वाभाविक आहे. म्हणून तर सांगणाऱ्याची जबाबदारी इतकी मोठी.

वेगळं काय करता आलं असतं

वर्गात या प्रश्नाला पहिलं उत्तर येतं ते ‘तज्ज्ञ मंडळ नेमायचं’. ठीक आहे, पण मंडळ महिन्यातून एकदा बसतं आणि भाग दर आठवड्याला जातो. मला तीन छोट्या गोष्टी जास्त उपयोगाच्या वाटतात.

एक, संकलनाच्या खोलीत असताना मागोउकेच्या दिग्दर्शकाला थेट वाहिनीतल्या एका माणसाला फोन करता यायला हवा होता, मधल्या कंपनीला वळसा घालून. ‘प्रयोग फसला, काय करू?’ एवढं विचारण्यापुरता. आणि तो फोन केल्याने पुढचं काम जाणार नाही, हे कंत्राटात लिहिलेलं हवं होतं. साखळी तोडणं कुणाच्या हातात नव्हतं. एवढं दार ठेवणं मात्र होतं.

दोन, प्रत्येक आकड्यासोबत कागद. तेरोप्पुवर जो आकडा जाणार त्याचा प्रयोगशाळेचा कागद फाइलमध्ये आहे का, हे तपासणारा माणूस शास्त्रज्ञ असायची गरज नाही. हिशेब ठेवणारा कुणीही चालतो. चौकशीत जे बाहेर आलं त्यातला मोठा भाग विज्ञानाच्या गुंतागुंतीचा नव्हताच. कागद होता की नव्हता, एवढाच प्रश्न होता.

तीन, आणि यावर माझं विद्यार्थ्यांशी दर वर्षी भांडण होतं, फसलेला प्रयोग दाखवायचा. विद्यार्थी म्हणतात, कोण बघेल? मी म्हणते, हा व्हरायटी शो आहे, बातमीपत्र नाही. रंजन करायला इथे जितका मोकळा हात आहे तितका कुठेच नाही. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नात्तो खाऊन वजनाचा काटा न हलल्यावर त्या माणसांचे चेहरे कसे झाले, ते दाखवा. त्यात कुणी कान्साईचा असेल, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा नात्तो तोंडात घातला, त्याचं पहिल्या दिवशीचं आणि चौदाव्या दिवशीचं तोंड दाखवा. वाइपुमधली माणसं खऱ्याखुऱ्या हसण्याने लोळतील. मग सूत्रधाराने सांगावं, की बारीक व्हायला होत नाही, पण सोयाबीनचं प्रथिन आहे, स्वस्त आहे, चांगलं आहे, खा. जपानी विनोदाला फसगत फार प्रिय आहे. गेइनिन, म्हणजे तिथले व्यावसायिक विनोदवीर, स्वतःच्या फजितीवर घर चालवतात. प्रयोगाची फजिती दाखवण्याइतका अस्सल बाराएती दुसरा नसता.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारलं, की या सगळ्यात त्या रक्त दिलेल्या माणसांना नंतर कुणी काही सांगितलं का? तो प्रश्न मी आता प्रकरणाच्या शेवटी फळ्यावर लिहिते. त्यांनी हात पुढे केला तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपण काहीतरी शोधायला मदत करतोय. त्यांच्या बाजूने प्रयोग पूर्ण झालेला होता. नळ्या भरलेल्या होत्या. फक्त पाठवायच्या राहिल्या होत्या.